क्लायंटसाठी सीएमएस निवडताना: पुढची पाच वर्षं ती साइट कोण सांभाळणार?

पत्र: ताई, आम्ही दोघं मित्र मिळून वेबसाइट करून देतो. आतापर्यंत आम्ही स्वतः पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला ॲडमिन पॅनल सगळ्या क्लायंटना देत होतो, पण आता तो आवरत नाही. सध्या तीन कामं समोर आहेत. एक शाळा आहे, तिथे ऑफिसमधल्या क्लार्क बाई नोटिसा आणि फोटो टाकणार. दुसरी एक संशोधन संस्था, पाच विभाग, साइट दोन भाषांत, प्रत्येक विभागाचे लोक आपापलं लिहिणार आणि वरून कुणीतरी मंजूर केल्याशिवाय काही दिसता कामा नये. तिसरी एक लेखिका, त्यांना लेख, ईमेल न्यूजलेटर आणि पैसे भरून वाचणारे सभासद हवेत. सीएमएसपैकी, म्हणजे साइटवरचा मजकूर भरायच्या-सांभाळायच्या तयार सॉफ्टवेअरपैकी, मला वर्डप्रेस बऱ्यापैकी येतं. पार्टनरचं म्हणणं वर्डप्रेस सारखं हॅक होतं, ड्रुपल घेऊ, नाहीतर सरळ हेडलेस, म्हणजे मजकूर एकीकडे आणि दिसणारी साइट दुसरीकडे, असं करू, आजकाल सगळे तेच करतात. ओपन सोर्सच, म्हणजे मोकळ्या कोडचंच, घ्यायचं एवढं दोघांना पटलंय. पण सगळ्यांना एकच घ्यावं की प्रत्येकाला वेगळं?

उत्तर:

नमस्कार. तीन कामांची माहिती नीट दिलीत ते फार बरं केलंत, कारण नुसतं "कुठलं सीएमएस चांगलं" असं विचारलं असतंत तर त्याला खरंच उत्तर नाहीये. आणि घरचा पॅनल सोडताय हेही योग्यच. त्यात लॉगिनमध्ये एखादी चूक राहिली तर जगात ती शोधणारं दुसरं कुणी नाही, तुम्ही दोघंच, आणि ज्या दिवशी तुम्ही दुसऱ्या कामात अडकलेले असता त्याच दिवशी ती कुणालातरी सापडते.

आता मला मुख्य जे सांगायचंय ते आधी सांगते. साइट बनवायला तुम्हाला दीड-दोन महिने लागतात आणि ती वापरली जाते पाच-सात वर्षं. निवड करताना मात्र सगळे त्या दीड-दोन महिन्यांचाच विचार करतात, म्हणजे मला काय येतं, थीम (साइटचं रूप) पटकन कशात होईल, डेमो कशात भारी दिसेल वगैरे. मी म्हणते विचार त्या पुढच्या वर्षांचा करा: रोज त्यात टाइप कोण करणार, अपडेट कोण मारणार, आणि उद्या तुम्ही दोघं हे काम सोडून दुसरीकडे गेलात तर क्लायंटला दुसरा माणूस मिळेल का. या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहिली की अर्धी यादी आपोआप गळते.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण ड्रुपलचंच आहे. ड्रुपल ७ जानेवारी २०११ मध्ये आलं, आणि खूप चांगलं होतं, भरपूर संस्थांनी घेतलं. मग नोव्हेंबर २०१५ मध्ये ड्रुपल ८ आलं ते आतून पूर्ण वेगळं, सिम्फनी या पीएचपीच्या तयार सांगाड्यावर उभं केलेलं, टेम्प्लेटसुद्धा ट्विग या वेगळ्या पद्धतीत. त्यामुळे ७ वरून ८ वर जाणं हे नावालाच अपग्रेड, प्रत्यक्षात थीम नव्याने, कस्टम मॉड्यूल (खास लिहून घेतलेले जोड) नव्याने, आणि मजकूर मायग्रेशन करून आणायचा. ज्यांनी साइट बनवून दिली होती ते कधीच निघून गेलेले, आणि संस्था अडकल्या. म्हणून ड्रुपल ७ बंद करायची तारीख पुढे पुढे ढकलत शेवटी ५ जानेवारी २०२५ ला सपोर्ट थांबला, म्हणजे आल्यापासून चौदा वर्षांनी. ८ पासून पुढे ९, १०, ११ असं जाणं पुष्कळ सोपं केलंय त्यांनी, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण २०१४ साली ड्रुपल ७ मध्ये साइट करून घेतलेल्या छोट्या क्लायंटला याची काय कल्पना असणार? ती कल्पना आपल्याला असायला हवी, त्याचेच पैसे घेतो आपण.

आता शाळा. शाळेला वर्डप्रेस द्या, यात मला जराही शंका नाही. तुम्हाला ते येतं, त्या बाईंना शिकवायला सोपं, आणि उद्या तुम्ही नसलात तरी वर्डप्रेस येणारा माणूस सापडायला वेळ लागत नाही. पण "वर्डप्रेस दिलं" एवढ्यावर थांबू नका. डेमो इन्स्टॉल करा, त्या बाईंना समोर बसवा, तुम्ही मागे बसा आणि म्हणा की ही एक सूचना आहे, हा फोटो आहे, टाका साइटवर. मध्ये बोलायचं नाही, माउस हातात घ्यायचा नाही. कुठे थांबतात, कुठलं बटण शोधतात, फोटो थेट मोबाइलमधून आठ एमबीचा चढवतात का, वर्डमधून मजकूर पेस्ट केला की काय गोंधळ होतो, पब्लिश दोनदा दाबायला लागतं तिथे गडबडतात का, हे सगळं वहीत लिहा. या अर्ध्या तासात जे कळतं ते चार तुलनेचे तक्ते वाचून कळत नाही.

मग त्याप्रमाणे साइट बांधा. "सूचना" असा वेगळा पोस्ट टाइप करा, त्यात शीर्षक, तारीख, मजकूर, एक फाइल, बस. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० पासून ब्लॉक एडिटर, म्हणजे मजकूर तुकड्या-तुकड्यांत मांडायचा पडदा, आला, तो ताकदीचा आहे पण नव्या माणसापुढे इतके ब्लॉक टाकतो की घाबरायला होतं, तर जे लागतच नाहीत ते ब्लॉक बंद करा आणि टेम्प्लेट लॉक करून ठेवा. बाईंना एडिटरचा रोल द्या, ॲडमिनचा नको. हे सांगतेय कारण क्लायंटने मागितलं की ॲडमिन देऊन टाकायची सवय सगळ्यांनाच असते, आणि मग एक दिवस कुणीतरी उत्साहाने प्लगइन (वरून जोडायचा तयार कोड) टाकतं.

देवनागरीत साइट असेल तर एक गोष्ट पहिल्या दिवशीच बघा, कारण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये ही येतच नाही. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता म्हणजे स्लग आपोआप बनवतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलंत सगळं वेगवेगळं मोजायचं, डेटाबेसमध्ये टक्केचिन्हांसकट नऊ कॅरेक्टर जागा खातं, आणि स्लगची एकूण जागा आहे २०० कॅरेक्टर. म्हणजे साधारण बावीस चिन्हांत खेळ संपला. "वार्षिक परीक्षेच्या वेळापत्रकात बदल" असं शीर्षक दिलंत तर पत्ता "वार्षिक-परीक्षेच्या-वेळा" इथेच तुटतो. अर्थच बदलला बघा. शिवाय तो पत्ता कॉपी करून मेसेजमध्ये टाकला की अनेकदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि लोकांना वाटतं व्हायरस आहे. म्हणून स्लग हाताने छोटा, रोमन अक्षरांत द्यायची पद्धत लावा किंवा सूचनांना नुसता नंबर पत्त्यात येईल अशी पर्मालिंक करा. क्लार्क बाईंना हे शिकवत बसू नका, तुम्हीच कोडमध्ये सोडवा.

पेज बिल्डरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण मी सांगणारच. ओढून-सोडून पेज बनवणारे जे प्लगइन आहेत त्यातले काही बंद केले की मागे मजकुरात नुसते चौकटी कंसातले शॉर्टकोड, म्हणजे त्या प्लगइनच्या खुणा, उरतात. आज काम पटकन होतं, पण तो प्लगइन घेणारा क्लायंट पुढे कायमचा त्यालाच बांधला जातो. कुठलाही बिल्डर वापरायच्या आधी टेस्ट साइटवर दोन पेजं बनवा, प्लगइन डीॲक्टिव्हेट करा आणि मजकूर कसा दिसतो ते बघा. वाचण्यासारखा उरला तर ठीक.

आता पार्टनरच्या भीतीबद्दल. वर्डप्रेस हॅक होतं हे खोटं नाही, पण कशामुळे होतं ते नीट बघायला हवं. वर्डप्रेसचा स्वतःचा मूळ कोड, ज्याला आपण कोअर म्हणतो, त्याचे छोटे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०१३ मधल्या ३.७ पासून आपोआप लागतात. बहुतेक भोकं सापडतात ती प्लगइनमध्ये, थोडी थीममध्ये. २०१४ सालचं स्लायडर रेव्होल्यूशन या प्लगइनचं प्रकरण पार्टनरला जरूर वाचायला सांगा. त्या प्लगइनमधली चूक दुरुस्त झालेली होती, पण तो प्लगइन शेकडो विकतच्या थीमच्या पोटात भरून आलेला, त्यामुळे साइटच्या मालकाला आपल्याकडे तो आहे हेच माहीत नाही, अपडेटची सूचनाही दिसत नाही. डिसेंबरमध्ये त्यातूनच मालवेअर पसरलं आणि गुगलने ११ हजारांहून जास्त डोमेन ब्लॉक केली. म्हणून मी थीमबरोबर फुकट आलेल्या प्लगइनच्या इतकी विरोधात आहे.

आणि ड्रुपल घेतलं म्हणजे सुटलो असं समजत असाल तर त्याच वर्षीची दुसरी गोष्ट ऐका. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ च्या कोअरमध्येच एसक्यूएल इंजेक्शनचं भोक (बाहेरच्याला डेटाबेसला हुकूम देता येतील असं) जाहीर झालं, पॅच म्हणजे दुरुस्तीही लगेच दिली. पण दोन आठवड्यांनी ड्रुपलच्याच सुरक्षा टीमने सांगितलं की जाहीर झाल्यापासून सात तासांच्या आत ज्यांनी पॅच लावला नाही त्यांनी आपली साइट गेली असंच धरून चालावं. सात तास! मार्च २०१८ मध्ये पुन्हा तसंच मोठं भोक निघालं. ड्रुपलची सुरक्षा टीम उत्तम आहे, सगळं वेळेवर आणि स्पष्ट जाहीर करतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण पॅच त्या दिवशी तुमच्या क्लायंटच्या सर्व्हरवर लावणारा हात कुणाचा? तो हात नसेल तर कुठलंच सीएमएस सुरक्षित नाही, आणि असेल तर वर्डप्रेसही नीट चालतं.

त्यामुळे प्लगइन कमी ठेवा आणि निवडून ठेवा. शेवटचा अपडेट कधीचा, सपोर्टमध्ये लोकांच्या प्रश्नांना कुणी उत्तर देतंय का, मागे एकटा माणूस आहे की टीम, जुन्या सुरक्षा चुका निघाल्या तेव्हा किती दिवसांत दुरुस्त केल्या, एवढं तरी बघा. जे काम तुमच्या वीस ओळींत होतं त्याला प्लगइन नको. आणि विकतच्या थीमची कुठूनतरी उतरवलेली फुकट, नल्ड (लायसन्सची तपासणी काढून टाकलेली) कॉपी क्लायंटच्या साइटवर कधीही, कितीही घाई असली तरी टाकू नका. त्यात मागचं दार बसवून ठेवलेलं असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

आता संशोधन संस्था. इथे तुमचा पार्टनर बरोबर आहे. पाच विभाग, दोन भाषा, मंजुरी, प्रकाशनांची यादी लेखकाप्रमाणे, वर्षाप्रमाणे, विभागाप्रमाणे लावायची, हे सगळं ड्रुपलचं घरचं काम आहे. भाषांतर कोअरमध्ये, मसुदा-तपासणी-प्रकाशित असे टप्पे कोअरमध्ये, याद्या बनवायचं व्ह्यूज हे मॉड्यूल ड्रुपल ८ पासून कोअरमध्ये, आणि कुठल्या रोलला काय दिसावं, काय बदलता यावं हे बारीक बारीक ठरवता येतं. वर्डप्रेसमध्ये हेच करायला भाषेसाठी एक प्लगइन, मंजुरीसाठी एक, विभागवार परवानगीसाठी आणखी एक, आणि मग ते तिन्ही एकमेकांशी भांडायला लागले की तुम्ही रात्रभर जागे. वर्डप्रेसच्या कोअरमध्ये कॉन्ट्रिब्यूटरने लिहिलेलं एडिटरने तपासायचं एवढी सोय आहे, पण "हा माणूस फक्त या विभागाचंच बदलू शकेल" हे नाही. आणि कोअरमध्ये बहुभाषिक साइटही नाही.

जूमला या आणखी एका सीएमएसचंही नाव इथे घ्यायला हवं, ते उगाच मागे पडलंय. अनेक भाषा आणि परवानग्या त्यात आधीपासून आतच आहेत, ड्रुपलपेक्षा शिकायला हलकं. पण नवा डेव्हलपर शोधायची वेळ आली तर वर्डप्रेसइतके लोक सापडत नाहीत, म्हणून तुमच्यापैकी कुणाचा आधीचा हात असेल तरच. पायथन येत असेल तर वॅगटेल हे सीएमएस बघा, जँगो या पायथनच्या सांगाड्यावर आहे आणि त्याचा एडिटर मला मनापासून आवडतो, पण तुम्ही दोघं पीएचपीवाले, त्यामुळे सोडून देऊ.

तर मग संस्थेला ड्रुपल द्यायचं का? द्यायचं, पण ते तुम्ही दोघांनीच, आयुष्यातलं पहिलं ड्रुपलचं काम म्हणून, डेडलाइन लावून करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ड्रुपलमध्ये कंपोजर (लागणारा कोड आणणारं साधन), ड्रश (ड्रुपल कमांडने चालवायचं साधन), कॉन्फिगरेशन म्हणजे साइटच्या सेटिंग एक्स्पोर्ट करून गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) ठेवणं, लोकलवरून सर्व्हरवर ते नेणं, ही सगळी शिस्त अंगात मुरायला वेळ लागतो, आणि चुकीचा कंटेंट टाइप (मजकुराचा साचा) बांधला तर तो मजकूर भरून झाल्यावर बदलणं फार जिकिरीचं जातं. जानेवारी २०२५ मध्ये ड्रुपल सीएमएस नावाचं तयार पॅकेज आलंय, त्यात सुरुवात पुष्कळ सोपी झालीय, ते घेऊन पार्टनरला एखादी स्वतःची साइट करू दे, दोन-तीन महिने खेळू दे. या कामासाठी मात्र ड्रुपल येणारा एखादा माणूस बरोबर घ्या, त्याला डेव्हलपमेंट द्या, तुम्ही डिझाइन, मजकुराची मांडणी आणि क्लायंट सांभाळा. पैसे वाटले जातील हे खरं, पण शिकायलाही मिळेल. तसा माणूस मिळाला नाही तर काम नाकारा. संस्थेला तसं सांगितलंत तर त्यांना राग येणार नाही, उलट पुढचं छोटं काम तुमच्याकडेच येईल.

लेखिकेसाठी घोस्ट हे सीएमएस. लेख, न्यूजलेटर, सभासद हे तिन्ही त्यात आतच आहे, प्लगइन जोडायला नको, आणि लिहायचा पडदा इतका स्वच्छ आहे की लिहिणाऱ्याला तो लगेच आपलासा वाटतो. २०१३ पासून आहे, एमआयटी हे मोकळं लायसन्स आहे, मागे ना-नफा फाउंडेशन आहे. पण हो म्हणायच्या आधी तीन गोष्टी तपासा. घोस्ट पीएचपीवर नाही, नोड या जावास्क्रिप्टच्या यंत्रणेवर चालतं, त्यामुळे साध्या शेअर्ड होस्टिंगवर ते बसणार नाही, स्वतःचा छोटा सर्व्हर किंवा त्यांचं होस्टिंग लागतं. स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर न्यूजलेटर एकगठ्ठा पाठवायला मेलगन या ईमेल पाठवणाऱ्या सेवेचं खातं लागतं, ते वेगळं बिल. आणि तिसरी, जी सगळ्यात महत्त्वाची, सभासदांकडून पैसे घेणं स्ट्राइप या पेमेंट सेवेमार्फत होतं, तर लेखिका जिथे राहतात त्या देशात त्यांच्या नावाने स्ट्राइपचं खातं उघडता येतंय का हे कोटेशन द्यायच्या आधी बघा. नसेल येत तर सरळ वर्डप्रेस, मेंबरशिपचा एक चांगला प्लगइन आणि तिथे चालणारा पेमेंट गेटवे, त्यात कमीपणा काही नाही. घोस्टमधून लेखांची फाइल आणि सभासदांची यादी दोन्ही बाहेर काढता येतात, ते एकदा करून लेखिकेला दाखवा म्हणजे त्यांनाही धीर येईल की आपले वाचक आपल्याच ताब्यात आहेत.

हेडलेसबद्दल थोडक्यात. स्ट्रापी, पेलोड ही चांगली हत्यारं आहेत, पण तुमच्या तीनपैकी एकाही कामाला त्यांची गरज नाही. हेडलेस म्हणजे मजकुराचा सर्व्हर एक आणि दिसणारी साइट दुसरी, दोन्ही वेगवेगळी सांभाळायची, दोन्हीचे अपडेट वेगळे, आणि क्लार्क बाईंनी "प्रिव्ह्यू कुठेय" विचारलं की तोही तुम्हीच बांधायचा. तोच मजकूर मोबाइल ॲपला, साइटला आणि आणखी कुठे स्क्रीनवर जाणार असेल तर हेडलेसला खरा अर्थ आहे. "आजकाल सगळे करतात" हे कारण क्लायंटच्या पैशाने घेऊ नका. त्यापेक्षा ज्या क्लायंटची साइट वर्षातून दोनदाच बदलते आणि तेही तुम्हालाच फोन करून, त्याला ह्यूगोसारख्या स्टॅटिक जनरेटरमध्ये, म्हणजे सगळी पानं आधीच तयार करून ठेवणाऱ्या साधनात, करून द्या. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, हॅक करायला सर्व्हरवर फारसं काही उरतच नाही.

ओपन सोर्सच हवं म्हणालात त्याचा मला आनंद झाला, पण लायसन्स प्रत्यक्ष उघडून वाचा. कोड दिसतो म्हणजे ओपन सोर्स असं नसतं. क्राफ्ट आणि किर्बी या सीएमएसचा कोड कुणीही बघू शकतं, दोन्ही उत्तम आहेत, पण क्लायंटसाठी वापरायला लायसन्स विकत घ्यावं लागतं. ऑक्टोबर सीएमएस आधी मोकळं होतं, २०२१ मध्ये पैसे लागायला लागले, तेव्हा त्यातल्याच लोकांनी बाहेर पडून विंटर सीएमएस केलं. डायरेक्टस या आणखी एका सॉफ्टवेअरने २०२३ मध्ये लायसन्स बदललं. म्हणजे आजचं लायसन्स उद्या राहील याची खात्री नाही, पण जीपीएलसारख्या मोकळ्या लायसन्सखाली जी आवृत्ती एकदा बाहेर आली ती तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही, त्यातून फोर्क, म्हणजे तोच कोड घेऊन वेगळा प्रकल्प, करता येतो. वर्डप्रेस स्वतः २००३ मध्ये बीटू नावाच्या बंद पडत चाललेल्या ब्लॉग सॉफ्टवेअरमधून असंच निघालं, जूमला २००५ मध्ये माम्बोमधून, आणि ड्रुपल ७ आवडणाऱ्यांनी बॅकड्रॉप काढलं.

आणि जीपीएल असलं तरी सगळं निर्धास्त असतं असंही नाही, हे २०२४ मध्ये दिसलं. वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीत वाद झाला आणि सप्टेंबरमध्ये त्या कंपनीला वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या सर्व्हरवरून तोडलं, तिथल्या क्लायंटच्या साइटवर प्लगइनचे अपडेट येईनात. ऑक्टोबरमध्ये ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स या त्याच कंपनीच्या अतिशय लोकप्रिय प्लगइनची डिरेक्टरीतली जागा सिक्युअर कस्टम फील्ड्स या नावाने ताब्यात घेतली गेली. डिसेंबरमध्ये कोर्टाने आधीची स्थिती परत करायला लावली. कोण बरोबर यात मी पडत नाही. पण ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता त्यांच्या साइट मध्ये अडकल्या. यातून तुम्ही काय घ्यायचं तर प्रत्येक क्लायंटच्या साइटचा पूर्ण कोड, वापरलेल्या प्लगइनच्या नेमक्या आवृत्तीसकट, तुमच्या गिटमध्ये असू द्या, आणि अपडेट हाताने कसा लावायचा हे दोघांनाही यायला हवं.

तर एकच की वेगळं? दोन माणसांना चार सीएमएस नीट सांभाळता येत नाहीत. वरवर चारही येतात, पण पॅच आला त्या रात्री कुठलंच पुरेसं येत नाही. एक मुख्य ठेवा, ते वर्डप्रेस, आणि ते इतकं खोल शिका की हुक, कॅशे, क्वेरी, रोल, डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेस कमांडने चालवायचं साधन) सगळं हाताखाली असेल. दुसरं एक हलकं ठेवा, घोस्ट किंवा स्टॅटिक. ड्रुपल पार्टनरला आवडतंय तर तो शिकू दे, वर्षभराने ठरवा. या तीन कामांपुरतं माझं उत्तर: शाळा वर्डप्रेसमध्ये तुम्ही, लेखिका घोस्टमध्ये तुम्ही, संस्था ड्रुपलमध्ये जाणकार माणसाबरोबर किंवा नाहीच.

कागदपत्रांचं मी प्रत्येकाला सांगते. डोमेन क्लायंटच्या नावाने, त्याच्या ईमेलवर. होस्टिंग त्याच्या नावाने. विकतच्या प्लगइनचं लायसन्सही त्याच्याच. तुमच्या खात्यातून घेतलंत तर सोपं पडतं हे मान्य, पण संबंध बिघडले किंवा तुम्ही आजारी पडलात की त्याची साइट ओलीस राहते, ते योग्य नाही. मेंटेनन्सचं ॲग्रीमेंट वेगळं करा आणि त्यात लिहा की सुरक्षा अपडेट किती तासांत लावणार, बॅकअप कुठे आणि किती दिवसांचे, पीएचपीची आवृत्ती बदलली तर ते काम यात धरलंय की नाही. पीएचपी ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला आणि होस्टिंगवाल्यांनी आवृत्ती वर नेली तेव्हा जुन्या थीमच्या साइट कोऱ्या पडल्या, आणि मग हे फुकट करायचं का यावर भांडणं. क्लायंट मेंटेनन्स घ्यायला तयारच नसेल तर त्याला डेटाबेसवाली साइट देऊ नका, स्टॅटिक द्या. आणि बॅकअप घेतो एवढं पुरत नाही, तो रिकाम्या सर्व्हरवर परत उभा करून बघा, प्रत्येक क्लायंटचा, वर्षातून एकदा तरी.

शेवटचं, तुमच्या जुन्या साइटबद्दल, कारण त्याबद्दल पत्रात काहीच नाहीये आणि मला खरी काळजी तीच वाटते. घरच्या पॅनलवर जेवढे क्लायंट आहेत त्यांची आजच यादी करा. कुठल्या साइटवर फाइल अपलोड आहे, कुठे लॉगिन उघडं आहे, कुठे लोकांचे फोन नंबर किंवा पत्ते साठवलेत ते समोर लिहा. ज्यात हे तिन्ही आहे ती साइट नव्या तीन कामांच्या आधी हलवा, तोपर्यंत तिच्या ॲडमिनच्या फोल्डरला सर्व्हरवरूनच वेगळा पासवर्ड लावा आणि अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणार नाही अशी सेटिंग करा. दोन्ही कामं मिळून तासाभराची आहेत, पार्टनरला बरोबर घेऊन आज संध्याकाळीच उरका.